न जोडलेला कमोड

"ओ ताई, मुलीला उठवा! तो कमोड नुसता दाखवायला ठेवलाय, जोडलेला नाही!"

आईच्या हातात नळाचे दोन वॉशर होते. तिने वळून पाहिलं. दुकानाच्या कोपऱ्यातल्या चौथऱ्यावर, पांढऱ्या कमोडवर, तिची सात वर्षांची मुलगी फ्रॉक नीट गोळा करून बसली होती. मघाशी तिने त्यात कोपरापर्यंत हात घातला होता आणि "पाणी नाही, पाणी नाही" असं दोनदा म्हटलं होतं. आईला वाटलं होतं, खेळते आहे.

"अहो, उठवा ना!" मालक काउंटरमागून निघाले.

"हळू बोला," आई म्हणाली. "नऊ दिवस झालेत."

"कशाला?"

"हिला शी होऊन."

मुलगी स्वमग्न होती. दिसेल ती वस्तू ओळीत लावायची, म्हणून बाबा तिला मुंगी म्हणायचा. नऊ दिवस तिने शी रोखून धरली होती. औषधं झाली, फळं झाली, पोट चोळून झालं. बाबाने प्लास्टिकचं छोटं भांडं आणलं, ते तिने टोपीसारखं डोक्यावर घातलं आणि दिवसभर काढू दिलं नाही. आता पोट दगडासारखं घट्ट होतं. कळ आली की ती स्वतःचं मनगट चावायची. उद्या सकाळी आठ वाजता तिला दवाखान्यात भरती करून, भूल देऊन पोट मोकळं करायचं ठरलं होतं.

"ते सगळं ठीक आहे हो, पण माझी गिऱ्हाइकं..."

"मालक, आधी पंखा बंद करा. खडखडतोय," पाइप निवडत बसलेला म्हातारा प्लंबर म्हणाला.

"तू काय डॉक्टर आहेस?"

"तुंबलेल्याचं मला विचारा. घाई केली की आणखी आत जाऊन बसतं."

मालकांनी पंखा बंद केला आणि शटर अर्ध्यावर ओढलं. प्लंबरने स्टँडवरचा निळ्या माशांचा शॉवरचा पडदा उतरवला. एक टोक त्याने धरलं, दुसरं मालकांनी, आणि दोघं कमोडकडे पाठ करून उभे राहिले. आई पडद्याच्या आत उकिडवी बसली.

"किती वेळ?" मालकांनी पुटपुटत विचारलं.

"माझे वडील तर पेपर संपल्याशिवाय बाहेर येत नसत," प्लंबर म्हणाला.

"गप रे."

फोन वाजला. "अर्ध्या तासाने या," मालक दबक्या आवाजात म्हणाले. "नाही, नाही, उघडंच आहे. आत काम चाललंय."

मुंगीचा चेहरा लाल झाला. तिच्या टाचा हळूहळू उचलल्या गेल्या. घरी नेमकं याच क्षणी ती उठून पळायची. पण आज तिने मान वाकवून दोन गुडघ्यांच्या मधून खाली पाहिलं.

"पाणी नाही," ती म्हणाली.

"नाही," आई म्हणाली. "थेंबसुद्धा नाही."

टाचा खाली टेकल्या.

आईला तेव्हा कळलं. नऊ दिवस सगळे मुलीच्या पोटाकडे बघत होते. मुलगी घरच्या कमोडमधल्या पाण्याकडे घाबरून बघत होती.

मग झालं. बराच वेळ होत राहिलं.

"झालं?" पडद्यापलीकडून मालकांनी विचारलं. आईने आतून पडदा दोनदा ओढला. प्लंबरने पडद्याचं टोक दातांत धरून दोन्ही हात टाळीसाठी उचलले.

"टाळी नको! दचकेल," आई कशीबशी म्हणाली.

त्याने टाळी हवेतच थांबवली. मग पडदा दातांत तसाच धरून, दोन्ही मुठी वर करून, काही म्हणता काही आवाज न करता तो जागच्या जागी नाचला. मालक खांदे गदागदा हलवत हसत होते.

मुंगी उतरली. आईने तिला पुसून आवरलं. स्वतःच्या पोटावरून एकदा हात फिरवून मुलगी नळांच्या ओळीकडे निघून गेली. आईने दवाखान्यात फोन लावला. "उद्या तपासायला आणते," ती म्हणाली. "पण भूल नको. खाट दुसऱ्या कोणाला द्या."

प्लंबरने कमोड मागच्या मोरीत धुतला आणि आतून फडक्याने खडखडीत कोरडा केला.

"हाच द्या मला," आई म्हणाली.

"अहो, खोक्यातला नवा देतो की," मालक म्हणाले.

"हाच."

दोघांनी मिळून तो हातगाडीवर चढवला. "उद्या येऊन जोडून देतो," प्लंबर म्हणाला. "पाणी, ड्रेनेज, सगळं."

"जोडायचा नाही. सध्या असाच ठेवायचा."

प्लंबरने वाकून कोरड्या कमोडमध्ये पाहिलं. मग एकदम मान डोलावून त्याने हातगाडी ढकलायला घेतली. एका हाताने कमोडचं झाकण धरून मुंगी बाजूने चालू लागली.

चौकात गाडी थांबली तेव्हा शेजारच्या स्कूटरवाल्याने वाकून पाहिलं. "आम्हालाही घ्यायचाय. चांगला चालतो का हो हा?"

"फार छान चालतो!" आई म्हणाली, इतक्या मोठ्याने, की चौकातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.