पलीकडचा फोंटा

"पदर अजून खाली ओढ," तिचा थोरला भाऊ निताई मागून म्हणाला. "सिंदूर दिसतोय."

रेबाने पदर कपाळापर्यंत ओढला. अंगावर आईचं पांढरं, बिनकाठाचं पातळ होतं. आई विधवा होती, तिला ते साजायचं. रेबाचा नवरा केरळात गवंडीकामाला होता आणि चांगला धडधाकट होता. सवाष्णीने भाऊबीजेच्या सकाळी, सिद्धेश्वरी कालीच्या घाटावर, विधवेचं वस्त्र नेसून उभं राहायचं! हातातल्या शंखाच्या आणि पोवळ्याच्या बांगड्या उतरवणं म्हणजे नवऱ्याचं मरण मागणं, तेवढं मात्र तिने केलं नव्हतं. बांगड्यांवर ओला गमछा गुंडाळला होता.

आमच्याकडे भाऊबीजेला बहीण डाव्या करंगळीने भावाच्या कपाळाला चंदनाचा फोंटा लावते, म्हणजे यम त्याच्या दारी फिरकत नाही. भाऊ समोर नसला तर फोंटा दाराच्या चौकटीला लावतात. या गावातल्या बायकांचे निम्मे भाऊ नदीपलीकडे, दुसऱ्या देशात. त्या घाटाच्या खांबाला फोंटा लावतात आणि भाऊ समोरच्या घाटावर मान लववून उभे राहतात. नदीची रुंदी अशी की माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. आज निताईची सगळी भिस्त त्यावरच होती.

आई आश्विनात गेली होती. पलीकडे तिचे थोरले भाऊ, खगेनमामा. गेल्या हिवाळ्यात त्यांना झटका आला तेव्हा त्यांच्या मुलाने, सुबलने, फोनवर बजावलं होतं, "बाबांना आता वाईट बातमी सोसायची नाही." सुबलला गुपचूप खरं सांगावं, तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळ्यांचंच मत. त्यामुळे निताई महिनाभर थापा मारत होता. सुबलने "पिशीमा कशी आहे? तिला फोन दे," म्हटलं की हा म्हणायचा, "आत्याबाईंना तुझ्या हल्ली ऐकूच येत नाही." याने मामांना बोलवायला सांगितलं की सुबल म्हणायचा, "बाबा निजलेत." पण आज घाटावर बहीण दिसली नसती, तर म्हातारा काय ते समजला असता.

शेजारच्या पद्मामावशी चंदन उगाळता उगाळता पुटपुटल्या, "सासूला कळलं ना, तर तुला उंबरा ओलांडू देणार नाही."

"तुम्ही नाही सांगितलंत तर कोण सांगतंय?" निताई म्हणाला.

"मी कशाला सांगू? घाटावर काय डोळ्यांची कमी आहे?"

पहाऱ्यावरच्या जवानाने शिटी फुंकली. घाट रिकामा करायची वेळ होत आली होती. समोरचे भाऊ एकेक करून पायऱ्या चढून गेले, तरी मामांची काळी छत्री दिसेना. रेबा उपाशी होती, आणि घाबरलीही होती. फोंटा म्हणजे भावाच्या आयुष्याची राखण. तोच खोटा लावला आणि मामांचं काही बरंवाईट झालं, तर?

"दादा, पाप लागेल रे."

"लागलं तर मला लागेल. म्हातारा जगू दे."

तेवढ्यात पलीकडे छत्री उघडली. अंगावर शाल, डोक्याला माकडटोपी. दव पडायचा अवकाश, आमच्याकडचे पुरुष या टोप्या चढवतात ते फाल्गुनापर्यंत काढत नाहीत. छत्री हळूहळू शेवटच्या पायरीवर आली. रेबाने करंगळी चंदनात बुडवली आणि खांबाला टेकवली. पद्मामावशींनी शंख फुंकला. आता मामा दरवर्षीसारखा हात वर करून धाकट्या बहिणीला आशीर्वाद देणार, मग सुटलो, असं निताईला वाटलं.

मामांनी छत्री खाली ठेवली. दोन्ही गुडघे टेकले आणि पायरीला कपाळ लावून नमस्कार केला.

रेबाची करंगळी खांबावरच राहिली. थोरला भाऊ धाकट्या बहिणीला नमस्कार करत नाही, जगबुडी झाली तरी नाही. मामांनी ओळखलं होतं. बहीण मेली आणि भाच्यांनी सोंग उभं केलं, हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी गेलेल्या माणसाला करतात तसा शेवटचा नमस्कार केला होता. समोरचं माणूस अजून उठत नव्हतं.

"दादा, मामांना काहीतरी होतंय," ती म्हणाली.

ते माणूस उठलं. त्याने खिशातून काहीतरी काढून कानाला लावलं. निताईचा फोन वाजला. त्याने तो उचलला आणि बहिणीलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"दादा," सुबल रडत होता. "पिशीमाला कळलं का रे? तिला पाहिलं आणि सवयीने वाकलो. मीच होतो तो. बाबा श्रावणातच गेले. तिला सोसायचं नाही म्हणून आम्ही बोललो नाही."

निताई मटकन पायरीवर बसला. मग त्याने आईचं सांगितलं. दोन्ही घाटांवर दोघं पुरुष पोरांसारखे रडले, आणि जवानाने शिटी खिशात टाकली.

रेबाने डोक्यावरचा पदर मागे सारला. निताईच्या हातातून फोन घेतला.

"सुबल, तू माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा ना?"

"हो, दीदी."

"मग वाकलास ते बरोबरच केलंस. आता घरी जा, काहीतरी गोड खा. फोंटा तुलाच लागलाय."