उजवा गाल

रांगेतली सातवी पोर क्लॅरिसचीच निघाली.

ऑलिव्ह. साडेचार वर्षांची. उजवा गाल सुजून पेरूएवढा झालेला, त्यावर आजीचा रुमाल बांधलेला. मागे तिची आजी ल्युसी, लुगड्याच्या काठाला खाडीचा चिखल. पहाटेची होडी धरून दोघी गोराईहून बोरिवलीला उतरल्या होत्या आणि विचारत विचारत अंधेरीच्या या दातांच्या दवाखान्यात पोचल्या होत्या. रविवार उलटून तीनच दिवस झाले होते. रविवारी क्लॅरिसने याच गालाचे मुके घेतले होते. पोर ओठ मिटून हसत होती. क्लॅरिसला वाटलं होतं, लाजते. सहा दिवसांनी भेटणाऱ्या आईला पोर लाजणारच.

"अगं बाई, ही तर तुमचीच!" पोरीने 'ममा' म्हणताच बाकावरची कुंदा म्हणाली. मरोळच्या या कुंदाला क्लॅरिसने पाच मिनिटांपूर्वी सगळ्यांदेखत झापलं होतं. पोराला तोंडात गूळ ठेवून निजवते म्हणून. "आता हिच्या आईला कोण झापणार?"

बाया हसल्या. क्लॅरिसने रुमालाची गाठ सोडली.

नवरा दर्यावर गेला तो परतला नाही. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती इथे कामाला होती. परक्या लेकरांची डोकी मांडीवर धरायची आणि त्यांच्या आयांना बजावायचं: रात्री दात घासा, चूळ भरून घ्या, रिकाम्या तोंडानं निजवा. संध्याकाळचे पेशंट संपेपर्यंत शेवटची होडी सुटून गेलेली असायची. म्हणून निजायचं दवाखान्यामागच्या खोलीत आणि घरी जायचं ते रविवारी.

डॉक्टर सुनंदाबाईंनी आरसा पुढे केला. ऑलिव्हने तोंड घट्ट मिटलं. क्लॅरिसने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि रोजच्या सवयीने गुणगुणली,

उघड दार, उघड बाळा,
आत वीस बगळ्यांची माळा.

ऑलिव्हने तोंड नाही, डोळे उघडले. "हे तू सगळ्यांना म्हणतेस, ममा?"

"म्हणते ना."

"मला नाही म्हटलंस कधी."

मग तिने तोंड उघडलं.

डावीकडे बगळे होते. उजवीकडे खालची मागची दाढ पोखरून हिरडीपर्यंत गेली होती, शेजारची आणि तिच्यावरची अशा दोन काळवंडलेल्या. क्लॅरिसने आजवर शेकडो तोंडं पाहिली होती. तरी तिने मान वळवली.

"आज औषध देते. सूज उतरली की शनिवारी ही दाढ काढू," सुनंदाबाई म्हणाल्या. "पण एकाच बाजूला एवढं? रात्री हिच्या गालात काहीतरी राहतंय. रोज."

क्लॅरिस उसळली. "आये, काय देतेस तिला निजताना?"

"मी काय देनार गो?" ल्युसी म्हणाली. "तू आनतेस त्याच लिमलेटच्या गोळ्या."

"त्या दिवसा द्यायला सांगितल्या होत्या! जेवल्यावर एक, आणि लगेच चूळ!"

"दिवसा ती खातच नाय. उशाखाली ठेवते. काढून घेतली तर रडून घर डोक्यावर घेते. मी म्हटलं, दुधाचेच दात, पडनारच हायत."

हेच कुंदानेही म्हटलं होतं. तिला क्लॅरिसने फाडकन उत्तर दिलं होतं, पडायचे ते वेळेवर पडू देत, सडून नको. पक्क्या दातांची जागा तेच राखतात. दर रविवारी निघताना ती स्वतःच्या हाताने सहा गोळ्या मोजून पुडी बांधायची. सोमवारची, मंगळवारची, अशी शनिवारपर्यंत. तिच्या मागे पोरीला तेवढंच गोड.

ती खाली वाकली. "दिवसा का नाही गं खात?"

"दिवसा आजी असते. कोंबड्या असतात." सुजलेल्या गालातून शब्द ओले होऊन येत होते. "रात्री मी गालात ठेवते. चोखत नाही. हळूहळू पुरवते. ती संपली की तू गेलीस असं वाटतं."

कुंदाने आपल्या पोराला उगाचच जवळ ओढलं.

सुनंदाबाईंनी हात धुतले, पुसले. "गोळी आजपासून बंद. बाकीच्या दोन दाढा वाचतील, पण रोज रात्री कुणीतरी नीट घासून द्यायला हवं."

"माझ्याकडून ती घासून घेत नाय, बाई," ल्युसी म्हणाली आणि वाताने वाकडी झालेली बोटं तिने पदराखाली घेतली. "आणि गोळीबिगर निजायची पन नाय."

क्लॅरिसने ऑलिव्हच्या केसांतून हात फिरवला. मग म्हणाली, "बाई, संध्याकाळचं काम दुसऱ्या कुणाला द्या. मला चारला सोडा. पगार कापा."

"अगं, मग खोलीही त्या दुसरीलाच द्यावी लागेल."

"द्या."

"वेडी आहेस का? ती होडी, तो चिखल. पावसाळ्यात खाडी कशी फुगते ते मी तुला सांगायला हवं?" सुनंदाबाईंचा आवाज मऊ झाला. "असं कर, आठवड्यातून दोनदा जा. दोन दिवस मी तुला लवकर सोडीन. खोलीही राहील. रोज कशाला?"

क्लॅरिसने रुमालाची घडी घातली. पोरीच्या गालावर तो पुन्हा बांधला, गाठ दुखऱ्या बाजूला येऊ न देता.

"दात रोज घासावे लागतात, बाई," ती म्हणाली.