डाव्या पायातले चाळ

रिसिमाती दोन्ही घोट्यांना चाळ बांधून अंगणात पिकअपची वाट बघत बसला होता. उजव्या पायात स्वतःचे, डाव्यात गेझानीचे. मरुलाच्या झाडावरचे पतंगाचे चंदेरी कोश, आत बारीक खडे घालून चामड्याच्या पट्टीवर शिवलेले. चाळीस वर्षं दोघं जोडीनं नाचले. आज गेझानीच्या थडग्यावर बसवलेल्या नव्या दगडावरचं कापड सगळ्यांसमोर काढायचं होतं, आणि दोघांच्या वाटचं याला एकट्याला नाचायचं होतं.

डावा पाय पालथ्या बादलीवर टेकवलेला. तो आपोआप खुळखुळला.

"थांब की लेका गेझान्या! ढोल तरी वाजू दे. कायम मेली तुझी घाई!"

पुन्हा खुळखुळ. रिसिमाती वाकला. पट्टीवरचा एक कोश फुटला होता म्हणून त्यानं काल नवा, न उघडताच शिवला होता. आतला किडा सुकून गेला असेल असं धरून. तोच हलत होता.

कोशाचं टोक ओलं झालं. आतून एक भिजकं, चुरगळलेलं पाखरू बाहेर पडलं, सरपटत त्याच्या पोटरीखाली गेलं आणि तिथंच लोंबकळलं.

पिकअप आली. मागं शेजारीण मिहलोती उभी होती.

"चला बाबा, चला! सगळे खोळंबलेत."

"हलता येत नाही गं. हे पंख वाळवतंय. हललो तर वाकडे वाळतील."

"मग उचला आणि ठेवा झाडावर!"

"ओल्या पंखाला हात लागला की संपलं."

"चार दिवसांचं पाखरू ते. खायला तोंडसुद्धा नसतं त्याला!"

"बरंच आहे. गेझानीसारखं डोकं तरी खाणार नाही."

मिहलोती हसली नाही. "दगडापुढं नाचणार कोण मग?"

ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. रिसिमातीनं पायाकडं बघितलं.

"जा तुम्ही. सगळ्यांना सांग, जन्मात पहिल्यांदा गेझानीला उशीर झालाय."

पिकअप गेली. धूळ खाली बसली. पंख हळूहळू उलगडत गेले. पिवळट पोपटी, वरची कड राखाडी, खाली दोन लांब शेपट्या. प्रत्येक पंखावर तांबूस कडेचा एकेक डोळा. चार डोळे. एकही मिटत नव्हता.

टेकडीपलीकडं ढोल सुरू झाला. रिसिमातीचा उजवा पाय ठेका धरून खुळखुळायला लागला.

डावा जागचा हलला नाही.