वर आलाय

मालोजीरावांनी पुट्टूच्या कानशिलात दुसरी ठेवून दिली. पहिलीत दात हलला होता, ह्या वेळी तो बाहेरच आला.

"थांबव ते! साकु, साकु! पुरे म्हणतो ना!"

पण प्रिंटर कुठला थांबतोय! गणपतराव, नागोजीराव, गणपतराव, नागोजीराव... बन्नीमंटपजवळच्या मराठा समाजाच्या ऑफिसात घोटाभर कागद साचला. सगळ्या घराण्यांची वंशावळ इथल्या कॉम्प्युटरात, आणि ती भरणारा पुट्टू एकटा. मालोजीरावांना त्यातलं एकच घराणं हवं होतं, मुळासकट.

गणपतरावाने एका दसऱ्याला त्यांच्या भावाला भोसकलं होतं. मालोजीरावांनी गणपतरावाला कापलं, मग त्याच्या दोन्ही मुलांना, नागोजीला आणि व्यंकटला, टी. नरसीपूरच्या संगमात बुडवलं. तरी ह्या माणसाचं समाधान म्हणून नाही! नागोजीची पोटुशी बायको तेवढी निसटली होती. ते पोर जगलं असेल तर? इतकी वर्षं हाच घोर.

"एवढी पिलावळ?" त्यांनी पुट्टूच्या गळ्याला सुरा लावला.

"अय्यो, नाही हो मामा! तीच माणसं. मुलाखाली त्याचा बाप छापतंय, बापाखाली परत मुलगा. नुसतं गोल फिरतंय."

"मग नीट कर. नाहीतर बोटं मोडीन."

एक मोडलंच, उगीच. उरलेल्या बोटांनी पुट्टूने प्रोग्राम दुरुस्त केला. एकदा छापलेला माणूस पुन्हा भेटला की त्याच्याखाली उतरायचं नाही, 'वर आलाय' एवढं लिहून पुढे जायचं. माणूस तोच का, हे ओळखायला प्रत्येकाचा वेगळा नंबर होता. पुट्टूने नावावरून ओळखायला लावलं. घाईत होता बिचारा.

ह्या वेळी प्रिंटर थांबला. चष्मा लावायला मालोजीरावांनी सुरा टेबलावर ठेवला.

गणपतराव, मयत.
नागोजीराव, मयत.
गणपतराव: वर आलाय.
गणपतराव: वर आलाय.
व्यंकटराव, मयत.
गणपतराव: वर आलाय.

"नागोजीखाली दोनदा का रे?"

"बाप ना तो त्याचा. अडखळतं मशीन कधी कधी."

"म्हणजे जिवंत कोणी नाही?"

"मशीनला तरी दिसत नाही, मामा."

मालोजीराव हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. आता त्यांना पोराची दया आली. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"फार लागलं का रे? सगळे आपले पुट्टू पुट्टू करतात. खरं नाव काय तुझं?"

पुट्टूने तोंडातलं रक्त पुसलं, टेबलावरचा सुरा उचलला आणि मुठीपर्यंत मालोजीरावांच्या पोटात खुपसला.

"आईने कधी घेतलं नाही ते," तो म्हणाला, "सासऱ्याचं नाव तोंडाने कसं घेणार?"