चौदाच्या शेजारी

८११४ च्या शेजारी ८११५ नव्हती. ८११६ होती.

छापखानेवाल्याने दुसऱ्या बाजूला पाहिलं. तिकडे ८११२. त्याने हातातलं कार्ड चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, मग बायकोला वाचायला दिलं. तिनेही ८११५ च वाचलं. तेवढ्यात खोल्या आवरणारा माणूस चादरींची गाडी ढकलत आला. त्याला हे रोजचंच असावं.

"सम नंबर या अंगाला, विषम त्या अंगाला," तो म्हणाला. "तुमची खोली जहाजाच्या पलीकडच्या बाजूला आहे. जिन्यापर्यंत जा, वळा आणि तेवढंच परत मागे या."

सगळ्यांनी पोस्टमनकडे पाहिलं. तो निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण त्याला अजून सगळे पोस्टमनच म्हणत. रागावली की बायकोसुद्धा.

"तेहेतीस वर्षं गावाची पत्रं वाटलीस," छापखानेवाला म्हणाला, "आणि दोन नंबर धड निवडता आले नाहीत तुला?"

"लागोपाठचे दिसले, घेतले," पोस्टमन म्हणाला. "चुकलंच."

बेत सगळा छापखानेवाल्याचा होता. बाल्कनीच्या दोन खोल्या, अगदी लागून. सांगितलं की मधली फळी उघडून देतात, मग दोन बाल्कन्यांचा एक लांबलचक व्हरांडा होतो. त्यात चार खुर्च्या, पत्त्यांचे दोन जोड आणि आठ दिवस. हे सगळं त्याने कागदावर लिहून काढलं होतं आणि तीन रविवार मोठ्याने वाचून दाखवलं होतं. बुकिंगचं ऑफिस पोस्टमनच्या घराजवळ होतं, म्हणून तेवढं काम त्याच्याकडे आलं होतं.

पोस्टमनच्या बायकोला कोणी काही विचारलं नव्हतं. छापखानेवाला वाईट नव्हता. अडीअडचणीला धावून येणारा, मनाने मोकळा माणूस. फक्त लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी ती आणि नवरा, असे दोघंच कधी कुठे गेले नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीलाही छापखानेवाला होता, कारण गाडी त्याची होती. त्याचे विनोद तिला पाठ होते, कुठे हसायचं तेही.

उरलेली वर्षं टपालाच्या फेरीने खाल्ली. त्यांची गल्ली पोस्टमनच्याच फेरीत होती. दहा वाजता तो समोरच्या फुटपाथवरून जायचा. ती खिडकीत दिसली की हात वर करायचा, पण रस्ता ओलांडून यायचा नाही. गल्लीच्या टोकापर्यंत पत्रं टाकत जायचा, तिथून परत फिरायचा आणि अकराच्या सुमारास सतरा नंबरला, म्हणजे स्वतःच्या दाराशी पोचायचा. तोवर चहा गार झालेला असायचा. ती कुरकुर करायची. तो गार चहा पिऊन पुढे जायचा.

या वेळी मात्र तिने धीर केला होता. तो बुकिंगला निघाला, तेव्हा ती ताटं विसळत होती. "बाल्कन्या लागूनच हव्यात का?" तिने पाठमोरीच विचारलं होतं. तो बुटाची नाडी बांधत होता. नाडी बांधून तो तसाच बाहेर पडला. नळ चालू होता, त्याला ऐकू गेलं नसावं, असं तिने धरलं. दुसऱ्यांदा विचारणं तिच्याच्याने झालं नाही.

आता ती ८११४ च्या दारात उभी होती आणि तिला मनातून आनंद झाला होता. त्या आनंदाची लाजही वाटत होती. छापखानेवाल्याच्या बायकोने तिचा हात धरला. "अगं, काय हा घोळ!"

"हो ना," ती म्हणाली आणि तिने तोंड पाडलं.

पण छापखानेवाला गप्प बसणाऱ्यातला नव्हता. "बदलून घेऊ," म्हणत तो चौघांची वरात खालच्या काउंटरवर घेऊन गेला. रांगेत बरीच माणसं होती. रांग एक पाऊल सरकली की ती पुढे किती माणसं उरली ते परत मोजायची. पोस्टमन तिच्या मागे उभा होता, बॅगेचा पट्टा उगाच घट्ट करत, सैल करत.

काउंटरवरच्या मुलीने बराच वेळ शोधलं. "८११४ जवळ एकच खोली आहे," ती म्हणाली. "पण आतल्या बाजूची. बाल्कनी नाही, खिडकीही नाही."

छापखानेवाल्याने बायकोकडे वळून पाहिलं. "चालेल?"

"मी समुद्र बघायला आलेय," ती म्हणाली, "भिंत नाही."

विषय संपला. छापखानेवाला दोन्ही बॅगा ओढत निघाला. जाता जाता वळून म्हणाला, "वहिनी, हा किस्सा मी दहा वर्षं पुरवून पुरवून सांगणार."

खोलीच्या बाल्कनीत दोन खुर्च्या होत्या आणि त्यांच्यामध्ये एक बुटकं टेबल. दोन्ही बाजूंच्या फळ्या बंद होत्या. किनारा मागे पडत चालला होता. पोस्टमनने बूट काढून भिंतीशी नीट लावून ठेवले आणि तो येऊन बसला. शेजारून कोणाची हाक येत नव्हती. तिला ते फार बरं वाटलं. मग तिला त्याची कणव आली. आता आठ दिवस प्रत्येक जेवणाला त्याची टिंगल होणार होती, आणि तो खाली मान घालून ती ऐकून घेणार होता.

"मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "चूक काय, कुणाचीही होते."

पोस्टमन समुद्राकडे बघत राहिला.

"तेहेतीस वर्षं मी सम नंबरची घरं जाताना केली आणि विषमची येताना," तो म्हणाला. "चौदाच्या शेजारी पंधरा मला एकाही गल्लीत सापडलं नाही."