कलम सातचं टेबल

मुलांचं भवितव्य अभ्यासाच्या टेबलावर घडतं, याविषयी बालकल्याण खात्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. म्हणून तर पाहणीच्या फॉर्ममध्ये कलम सात आहे: 'मुलांच्या अभ्यासासाठी घरात टेबल आहे काय?' टेबल आत आल्यावर माणसांनी कुठे उभं राहायचं, यासाठी मात्र कलम नाही.

मावशी दारात उभी होती. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या एका खोलीत पलंग होता, पलंगाला लागून टेबल, टेबलाला लागून खात्याचे नवे साहेब आणि साहेबांना लागून खात्याच्या ताई. नऊ वर्षांची भाची पलंगावर मांडी घालून बसली होती. पाच वर्षांचा भाचा टेबलाखाली होता, कारण जागा तिथेच उरली होती.

"मुलं कधीपासून तुमच्याकडे?" साहेबांनी विचारलं.

"आठ महिने झाले. यांची आई दवाखान्यात गेली तेव्हापासून," मावशी म्हणाली. "ती येईपर्यंत राहतील माझ्याकडे. म्हणजे, तुम्ही राहू दिलंत तर."

ते फॉर्म ठरवणार होता. बारापैकी एकाही कलमापुढे 'नाही' आलं, की मुलं संस्थेत. मुलग्यांची संस्था शहराच्या एका टोकाला होती, मुलींची दुसऱ्या.

सहा कलमं तोंडी सुरळीत पार पडली. सातव्यापाशी साहेब थांबले. टेबलावर निळ्या फुलांचं प्लॅस्टिक अंथरलेलं होतं. त्यावर दोन वह्या, पट्टी आणि शार्पनर, दुकानात मांडावं तसं. साहेबांनी टेबल दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं. हललं नाही.

"मजबूत आहे," ते म्हणाले. "मघाशी तळमजल्यावर होतं तेही असंच होतं. या इमारतीत लोकांना शिक्षणाची कदर दिसते."

"खूप," ताई म्हणाल्या.

ताई या इमारतीत तीन वर्षं येत होत्या. हे टेबल त्यांनी चार निरनिराळ्या पोशाखांत पाहिलं होतं. पाहणीची तारीख आणि वेळ आठवडाभर आधी प्रत्येक घरी पत्रानं कळवायची, ही खात्याची पद्धत त्यांना मनापासून आवडायची.

"चला, भरून टाकू," म्हणत साहेबांनी खिशाला हात लावला. मग दुसऱ्या खिशाला. "पेन कुठे गेलं? सकाळी तर होतं."

"माझं घ्या ना," ताई म्हणाल्या, जरा जास्तच लगबगीनं.

पण भाचीला चांगलं वळण होतं. दुसऱ्याची वस्तू सापडली तर मागायची वाट न बघता परत करायची, हे मावशीनंच शिकवलं होतं. तिनं वाकून टेबलाचा खण उघडला आणि तपकिरी पेन पुढे केलं.

"साहेब, तुमचं पेन. खाली सही केलीत तेव्हा यावरच राहिलं होतं. जिन्यातून वर आणताना घरंगळायला लागलं, म्हणून मी खणात ठेवलं."

टेबलाखालून आवाज आला, "दीदी, ते सांगायचं नव्हतं."

मावशीनं चौकट घट्ट धरली. "साहेब, पोर खोटं बोलत नाही. खोटेपणा मी केला. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. फक्त हा तिच्याशिवाय झोपत नाही, एवढं लिहायला कुठे जागा असली तर तेही लिहा."

साहेबांनी फॉर्म पाहिला. तशी जागा नव्हती.

"मग एरवी अभ्यास कुठे करतेस?" त्यांनी भाचीला विचारलं.

"खाली, फरशीवर."

"आणि टेबल असलं की?"

"टेबल असलं की नाही होत. तेव्हा पाहुणे असतात."

साहेबांनी तिची वही उघडली. चार पानं उलटली, सगळीकडे बरोबरच्या खुणा. एका गणितात हातचा राहिला होता, तो तिनं नंतर कडेला बारीक लिहून ठेवला होता. साहेबांनी वही मिटली, फॉर्म टेबलावर ठेवला आणि कलम सातपुढे लिहिलं: आहे.

ताईंनी वाकून ते वाचलं. "साहेब, पण..."

"आहे काय, असं विचारलंय. कोणाचं, हे विचारलेलं नाही. आत्ता आहे. मी हलवून पाहिलंय." बाकीची सगळी कलमं भरून त्यांनी सही केली आणि या खेपेला पेन आठवणीनं खिशाला लावलं. "यानंतर कोण?"

"चौथा मजला. आजोबा आणि नातू. बाराची वेळ दिली आहे."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. बाराला दोन मिनिटं कमी होती. जिन्यात तळमजल्यावरच्या काकू कमरेला पदर खोचून तयार होत्या. त्यांच्यामागे चौथ्या मजल्यावरचे आजोबा होते, हातात जुना टॉवेल घेऊन, जड वस्तू उचलताना हात कापू नये म्हणून घेतात तसा.

पाहणीला गेलेल्या घरी काही घ्यायचं नाही, असा खात्याचा नियम होता. तळमजल्यावर साहेबांनी पाणीसुद्धा नाकारलं होतं.

"मावशी," ते म्हणाले, "चहा कराल का? साखर कमी. आणि घाई नाही. आम्ही गॅलरीत थांबतो, रस्त्याकडे तोंड करून."

टेबलाला चौथ्या मजल्यावर पोचायला अकरा मिनिटं लागली. साहेबांना तेरा.