तोंडी परीक्षा

समजा, तुम्ही एका बंद दाराबाहेर स्टुलावर बसला आहात आणि त्या दारातून कुणालाही आत सोडायचं नाही. खुद्द बाबा आले तरी नाही. पायसुद्धा हलवायचे नाहीत, कारण स्टूल करकरतं. बसून बघा बरं क्षणभर. मग तिसरीतल्या भिंगरीची काय अवस्था झाली होती ते कळेल. भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. एका जागी बूड टेकेल तर शपथ, म्हणून आत्याने ठेवलेलं.

आत, स्वयंपाकघरात, आईची परीक्षा चालली होती.

आई दवाखान्यात नर्स होती, बाळंतपणं करणारी. आसपासच्या गल्ल्यांतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. आता ती घरबसल्या, कॉम्प्युटरवरून, सातासमुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाची मोठी पदवी घेत होती. आपल्यासारख्या देशांतल्या नोकरदार माणसांसाठी तिकडचे लोक शिष्यवृत्ती देतात, ती तिला मिळाली होती. नोकरी सोडायची नाही, घर सोडायचं नाही, फी भरायची नाही. अट एकच. एका विषयात जरी नापास झालात, तरी शिष्यवृत्ती बंद. आणि ती फी पदरची भरायची तर घर विकूनही भागली नसती.

आज शेवटचा विषय होता. आधी लेखी, मग तोंडी. तिकडची एक बाई कॅमेऱ्यातून सगळा वेळ बघणार होती. खोलीत दुसरं माणूस दिसलं की परीक्षा रद्द.

हे ऐकलं तेव्हा राखणीचं काम भिंगरीने आपणहून मागून घेतलं. आईने तिला टपली मारली.

"तू? गप्प बसशील का एवढा वेळ?"

"बघच तू."

आणि खरोखरच ती बसली. इस्त्रीवाला कपडे घेऊन आला, त्याला तिने नुसत्या डोळ्यांनी परत पाठवलं. मग आत्या आली. आत्याचा आवाज म्हणजे लाउडस्पीकर, कुजबुजली तरी शेजारी वळून बघायचे. भिंगरीने तिच्या तोंडावर हातच ठेवला. आत्याला त्याचं इतकं कौतुक वाटलं, की ती चवड्यांवर चालत परत निघाली. जाताना मात्र तिने विचारलंच, "आणि मागचं दार हो, फौजदारबाई?"

भिंगरीला हसू आलं. स्वयंपाकघराचं मागचं दार परसात उघडायचं आणि त्याला आतून कडी होती. तिकडून कोण आत येणार?

त्यानंतर एक माणूस आला. हेल्मेट हातात, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. नर्सबाई आहेत का म्हणून त्याने दारातूनच मोठ्याने विचारलं. भिंगरीने ओठांवर बोट ठेवलं आणि आईची परीक्षा आहे, तुम्ही दवाखान्यात जा, असं हळूच सांगितलं.

"तिथूनच आलो. आज तिथे कुणी नाही."

"मग संध्याकाळी या, काका."

तो तिच्याकडे बघत राहिला. एवढ्याशा पोरीला काय सांगावं, असं त्याला झालं असावं.

"बाळ, जरा हाक मार ना त्यांना. एकदाच."

"नाही," भिंगरी म्हणाली. "आज आई कुणाचीच नर्स नाही."

तो पायऱ्या उतरला आणि घराच्या कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला. थोड्या वेळाने स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. बाकी कुणालाही परतवणं सोपं होतं. हा माणूस जवळजवळ रडवेला झाला होता. तरी आपण बधलो नाही, हे आईला कधी एकदा सांगते असं तिला झालं.

आतली कळफलकाची टकटक थांबली होती. म्हणजे लेखी संपली.

मग एका बाईचा आवाज ऐकू आला. तोंडी सुरू झाली! भिंगरीने दाराला कान लावला. शब्द नीट कळत नव्हते, पण प्रश्न आहे एवढं कळत होतं. बाई थांबली. आई काहीच बोलली नाही.

बाईने पुन्हा विचारलं. पुन्हा शांतता.

वर्गात उत्तर येत नसलं की मान खाली घालून उभं राहावं लागतं, ते भिंगरीला पक्कं ठाऊक होतं. पण आईला उत्तर येत नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं. येत असेल ते सांग ना गं, ती मनातल्या मनात म्हणाली. चुकलं तर चुकलं.

बाईने तिसऱ्यांदा विचारलं, या वेळी जरा चढ्या आवाजात. भिंगरीला राहवेना. नुसती फट, एवढंच ठरवून तिने दार ढकललं.

खुर्ची रिकामी होती.

मागचं दार सताड उघडं होतं. आणि खुंटीवरची ती पिशवी, जी आई फक्त अडलेल्या बाळंतिणीकडे धावताना उचलायची, ती तिथे नव्हती. हेल्मेटवाल्या काकांना आपण काय म्हणालो, ते भिंगरीला आठवलं आणि तिचे कान तापले.

पडद्यावरच्या बाईने चष्मा वर केला. तू कोण, आणि तुझी आई कुठे आहे, असं तिने सावकाश, सोप्या इंग्रजीत विचारलं.

भिंगरीने डोळे पुसले. खुर्ची पुढे ओढली, तिच्यावर चढून ताठ बसली आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली, "आई एका बाळाला आणायला गेलीय. ती येईपर्यंत प्रश्न मला विचारा."